जाड कागद

केम्प्स कॉर्नरचा चढ लागला की ती बोलायची.
पत्र्याच्या डब्यात कुणी साबुदाणा हलवावा
तसं काहीतरी, बॉनेटच्या आत.
ॲक्सिलरेटर सोडला की गप्प.
शहाऐंशीची पद्मिनी. बाबांची,
चार महिन्यांपासून माझी.

माझगावात गनीभाई सोलकरांचं गॅरेज,
शेजारी जहाजांचे जुने दोर विकणारा.
गनीभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले. इरफान रेस देत राहिला.
"बेअरिंग नाय," म्हणाले. "बेअरिंग गेलं असतं
तर खालून जड बोललं असतं, उखळात मुसळ पडल्यागत.
ही वरची टिणटिण. ठिणगी वेळेआधी पडतेय.
पिस्टन अजून चढतोय, आणि भडका त्याच्या डोक्यावर."

चारही प्लग काढले. टोकं पांढरी, चुन्यासारखी,
तिसऱ्यावर बारीक फोड.
"कोण चालवायचं?"
वडील.
"चढावर गिअर खाली आणत नसणार."
मला हसू आलं.
पेट्रोल वाचतं म्हणून टॉपमध्येच
पेडर रोड चढायचे. गाडी थरथरायची,
आई दाराची मूठ धरून बसायची,
आणि ते म्हणायचे, बघ, खेचते की नाही!
ती टिणटिण त्यांना ऐकूच येत नव्हती.
शेवटची सात-आठ वर्षं बारीक आवाज
त्यांच्यापर्यंत पोचत नसत:
दाराची बेल, कुकर,
फोनवर मी हळू बोललेलं.

हेड उघडलं शनिवारी.
पिस्टनच्या माथ्यावर काजळी,
तव्याच्या बुडासारखी धरलेली.
रॉकेल, पितळेची पट्टी,
आणि इरफानचा खरवडणारा हात दुपारभर.
मी चहा आणला. पुन्हा आणला.

मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण.
पॉइंटमधली फट गनीभाईंनी नुसती डोळ्यांनी पाहिली
आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.
"एवढी? कशानं मोजायचे?"

ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या पावत्यांखाली,
सापडलं त्यांचं माप:
बोटभर लांब कापलेला कागद,
कडा तेलानं काळ्या,
मधे सोनेरी अक्षरं, चि. सौ. कां. हेमां
आणि पुढचं कात्रीनं गेलेलं.

माझ्या लग्नाची पत्रिका.
गिरगावात चार दुकानं पालथी घालून
बाबांनी निवडला होता तो कागद,
दुकानदारासमोर दोन बोटांत चोळून.
मी एकोणीसची होते. परीक्षा तोंडावर.
उरलेल्या पत्रिका मग वर्षानुवर्षं
इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहायला,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.
एक इथे.

गनीभाईंनी तो उजेडात धरला.
"माल चांगला आहे. पण जाड.
फट वाढली की ठिणगी घाई करते.
लय नाय, पाच-सहा डिग्री. तेवढ्यानं होतं."
मी काही बोलले नाही.

त्यांनी स्टीलची पाती काढली,
अर्धा मिलिमीटरही नाही,
पॉइंट घासले, फट बसवली.
बल्बला वायर जोडून
डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, परत मागे घेतला,
पुलीवरची खूण खुणेला लागली तेव्हा
नेमका बल्ब पेटेपर्यंत. मग नट आवळला.

बिलात गॅस्केट, प्लग, पॉइंट, मजुरी.
कागद त्यांनी घडी न घालता परत दिला,
फडक्यानं पुसून.

रात्री अकराला केम्प्स कॉर्नर.
चढाच्या तोंडाशीच स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून
मी थर्ड टाकला.
काच खाली केली, कान दिला
पार वरपर्यंत.
काही नाही.
फक्त मागच्या सीटखाली कुठलासा नट
इकडून तिकडे घरंगळत होता.
तो कधीपासून आहे, कोण जाणे.