गाळी कोळी

ईराप्पा म्हणाला, छपरावर कोळी आहे,
जुना, तांब्याचा, उतरवूलोय, पाहिजे तर या.
मी कॅम्पातल्या त्या बंगल्याच्या कौलांवर
जाळं शोधत राहिलो.
ईराप्पा बैलहोंगलचा. त्याचा कोळी म्हणजे कोंबडा,
माझा आठ पायांचा.
शेवटी हात पसरून त्यानं स्वतःभोवती गिरकी घेतली:
गाळी कोळी, साहेब, गाळी!
आता गाळ म्हणजे माझ्याकडे तळाशी बसतं ते,
आणि त्याच्याकडे गाळी म्हणजे वारा.

असा पहिला घरी आला. सायकलवर, पोत्यात,
चोच बाहेर.

मी तेव्हा उद्यमबागेत पॅटर्न करायचो.
वस्तू आधी लाकडात जन्मते, मग वाळूत, मग बिडात,
एवढं कळत होतं.
जुनेपण कशात जन्मतं ते कळत नव्हतं.
रविवारी चिंच लावली, राख लावली,
दोघांनी मिळून घासला.
रत्नप्रभा म्हणाली, आता कसा दिसूलाय बघा की!
शंभर वर्षांचं हिरवं
दहा मिनिटांत मोरीतून गेलं.

मग शिकलो.
सांधा बघायचा, रिव्हेट बघायचे,
खुंटावर काचेची गोटी आहे का चाचपायचं.
मिठाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला
जिभेला कळतो. (हो, चाटायचा. लाजायचं नाही.)
निपाणीच्या तंबाखूच्या वखारीवरचा बाण
दस्तगीरनं मला किलोवर दिला,
अजून ऊन लागलं की त्याला वास सुटतो.
खानापूरच्या कौलांच्या कारखान्यावरचा मासा.
समुद्र साठ मैलांवर, मासा का, कुणालाच माहीत नाही.
एक नुसतीच शेपटी.

आणि प्रत्येकाखाली चार अक्षरं: एन, ई, एस, डब्ल्यू.
खाली रस्त्यावर पाट्यांना डांबर फासलं जायचं,
कधी ह्यांच्या, कधी आमच्या.
ही चार मात्र वरच्या वर राहिली.
शिडी कोण आणणार.

वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात.
अकरा कोंबडे-मासे-बाण सांभाळले,
एकानं वाऱ्याला पाठ दिली नाही.
जिकडून येतो तिकडेच तोंड.
म्हण करणाऱ्यानं छपराकडे पाहिलं नसावं.

गेल्या महिन्यात म्हापशाहून आग्नेलो आला,
भिंग, ताणकाटा, खिशात मळकी वही.
माशाच्या पोटात छऱ्याचं भोक सापडलं
तर त्याचे डोळे चमकले.
पोरांनी मारलेलं, खरं भोक! दोन हजार वाढवा.
वखारीचा फोटो आहे? छपरासकट? अजून तीन.
नुसत्या शेपटीलाही त्यानं भाव केला,
भावाच्या मानानं बरा.
कोंबड्याशी आला आणि थांबला.
हा कुणी घासला?
काटा लावला. तीन किलो दोनशे.
तांब्याचा आजचा दर सांगितला,
वही मिटली.

दहा दिले. गाडीत त्यांची तोंडं दहा दिशांना.

पुढच्या दिवाळ्यांनाही ती त्याला घासायची,
समईबरोबर, त्याच चिंचेत.
मी नको म्हणायचो, भाव जातो म्हणून,
ती म्हणायची, विकणार कोण आहे?

काल शहापूरच्या गच्चीवर
डिश अँटेनाच्या शेजारी पाईप रोवला,
तळाशी गोटी घातली, नातवाची, निळी.
चढवताना बोट लागलं तुऱ्याच्या मागे,
खोबणीत, जिथे तिचं फडकं नेमकं पोचायचं.
हिरवं धरलंय.
चार वर्षांचं, नखाएवढं.
आग्नेलोच्या भिंगातून सुटलं.

चोर्ल्याकडून जरासं काही हललं.
कोंबडा कुरकुरला, अर्धा वळला, अडकला.
तेल आणायला खाली उतरलो.