पाचापैकी चार

नारिनच्या वरच्या अंगाला, बुरुलकानच्या घरी
नवी शेगडी बसवून ताअलाय गेला
आणि तासाभरात मेसेज :
सेवा कशी वाटली? एक ते पाच. उत्तर मोफत.

शेगडी झकास. धुराचं नाव नाही.
पोरगा जाताना सांडलेली राखसुद्धा झाडून गेला.
तिनं चार दाबलं.
पुरतं कौतुक करू नये कुणाचं,
दृष्ट लागते.
सख्ख्या नातवालाही ती ‘बरा आहे’ एवढंच म्हणते.

ताअलायचा बोनस कापला गेला,
हे तिला बाजारात कळलं, कांदे निवडताना,
त्याच्या मावशीकडून.

मग कब्रस्तानामागच्या खडकावर,
जिथे दोन काड्या रेंज येते,
हातमोजा दातांत धरून
तिनं पाच पाठवला.
आपले मत आधीच नोंदवले आहे. धन्यवाद.
पुन्हा पाच.
धन्यवाद.

गुरं वळवायला जाते तेव्हा अजूनही पाठवते,
कधी एक, कधी लागोपाठ तीन.

परवा मात्र चपापली :
एवढे पाच, एकट्या पोराच्या नावावर!
घरी येऊन आर्चाची वाळकी डहाळी
त्यानंच बसवलेल्या शेगडीत पेटवली
आणि धूर
फोनभोवती तीनदा फिरवला.