रात्रपाळी, नाशिकरोड

एजन्सीची बातमी : शाळेवर बॉम्ब पडला.
पडला.
सीताफळ पडावं तसा.
मी वाक्याचा कर्ता शोधत बसतो;
दोन्हीकडच्या प्रवक्त्यांनी तो खोडलेला.

मग व्हिडिओ. चौतीस सेकंद, हिरवट अंधार.
ड्रोनच्या डोळ्याखाली
एक माणूस सायकल टाकून पळतो.
खाली लिहिलंय : आत्ताचा, सीमेवरचा.
तिदमे म्हणतो, गेम आहे, सावली बघ.
सावली बघतो. अकरा वेळा.
सायकल खरी वाटते.

पावणेदहाला देवळालीच्या रेंजवर सराव सुरू होतो,
खिडकीची काच थरथरते,
चहावरची साय सुरकुतते.
तोफेबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच.

डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटं.
मृतांचे आकडे दोन. मी लहान घेतो,
मोठा पाठ असतानाही.

फोन वाजतो. भगूरहून कुणी घुमरे बाई :
"यादीत नाव नाही, म्हंजे आहे ना तो?"
यादीच आलेली नाही आमच्याकडे,
हे सांगायला तोंड उघडतो
आणि ऐकू येतं,
तिच्याकडचीही काच वाजतेय.