चार पाती

सासवडचे अंजीर, मंडईतून, पाव किलो.
दोन जास्तच पिकलेले, तेच हवे होते;
चमचा नको, बोटांनीच कुस्करले.
तुळस काही तोडवेना.
म्हणून खालच्या डबीरबाईंच्या कुंडीतली
गवती चहाची चार पाती,
न विचारता.

लोणच्याच्या बरणीत व्हिस्की, तीन दिवस,
देवघरापासून लांब, गिझरशेजारच्या फळीवर.

आज बर्फ फोडताना बेल वाजली.
"माझी पाती तुम्ही कापलीत?"
सहकारनगरात वास लपत नाही.
मी मुकाट ग्लास पुढे केला.

त्यांनी हुंगला. चपला काढल्या.
एक घोट. मग दुसरा, डोळे मिटून.
"लिंबू पिळा थोडं," म्हणाल्या,
"आणि पात मुळाजवळून कापायची असते.
ह्यांनाही कधी जमलं नाही."