जोडीचे सेल

पहिली बॅटरी पेन्सिलीएवढी होती.
टोकाला निळा दिवा. ओढलं की लागायचा,
जणू विस्तव म्हणजे नुसता रंग.
एम्लिननं दिली, मिलफर्डच्या गोदीच्या फाटकाशी :
"घे इद्वल, यापुढे खोकायचं काम मी एकटा बघतो."
चाळीस मिनिटं चालायची. मग दिवा दहा वेळा मिचकायचा,
आणि दुसऱ्या खिशात तंबाखूची पुडी
काही न बोलता वाट बघत असायची.

मग बटणवाल्या.
पाच वेळा दाबलं की जाग, पाच वेळा दाबलं की झोप.
मी झोपेतही दाबायचो म्हणे, नेस्टाच्या दंडावर,
एक दोन तीन चार पाच.
"मी अशी बंद होत नाही, इद्वल."

एकीच्या बुडाला फिरती कळ होती.
तीन पॉइंट तीनवर सफरचंद,
चार पॉइंट आठवर जळका कापूस.
मधे कुठेतरी चव असणार, म्हणून दोन वर्षं
मी कळ फिरवत बसलो.

खरे सेल नंतर आले. बोटाहून जाड,
अंगावर कोळंबीच्या सालीइतकं पातळ वेष्टण.
जांभळे चांगले, असं कळलं,
तोवर सगळेच जांभळे झाले होते.
स्वस्तातले चार घेतले, अंगावर आकडा नऊ हजार आठशे.
बाजारातल्या रॉड्रीनं काट्यावर ठेवले आणि हसला :
"यात अर्धं पीठ असावं."
आकडा काय, छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं.

एकदा खिशात सुटा सेल आणि सुटी नाणी.
बसथांब्यावर आधी वाटलं, कुणीतरी चहा सांडला.
मांडीवर अजून आहे तो अर्धा गोल,
नाण्याची कड मोजता येईल इतका स्वच्छ.
दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो.
मी फुंकणारा आधीपासूनच होतो;
त्या दिवशी फक्त सेल ठेवायला डबी घेतली.

दोन सेलांचा डबा घेतला तेव्हा रॉड्री म्हणाला,
आजपासून यांचं लग्न.
एकत्र भरायचे, एकत्र रिकामे करायचे,
तिसऱ्याशी जोडायचे नाहीत.
एक थकला की दोघांनाही काढायचं,
नाहीतर धडधाकट असतो तो
दमलेल्याला शून्याच्याही खाली ओढत नेतो.

नेस्टानं ऐकलं, नखं रंगवता रंगवता
दोघांच्या बुडाशी एकेक विटकरी ठिपका दिला.
"झालं लग्न. जेवण कुठाय?"
आम्ही बटाट्याचे काप खाल्ले, व्हिनेगर जास्त झालेले.

अकराव्या वर्षी ती टेन्बीला राहायला गेली.
वाफेमुळे नाही. कशामुळे ते विचारू नका,
मीटर लावून कळतं असं ते नव्हतं.
किटली नेली, चार्जर ठेवला.

विटकरी जोडी चालत राहिली.
सकाळी भरली तर दुपारच्या भरतीपर्यंत,
पुढे ओहोटीपर्यंत, पुढे
फाटकापासून क्रेनपर्यंत.
काल मोजलं : एक तीन पॉइंट नऊ,
दुसरा तीन पॉइंट चार.
कुठला कुठला, हे मी वर लिहून ठेवलं नाही.

को-ऑपच्या दारात जुन्या बॅटऱ्यांचा डबा असतो.
टोकांना चिकटपट्टी लावून नेले, नियमानं.
उभा राहिलो.
मागे एक म्हातारी, मुठीत श्रवणयंत्राचे बटणसेल :
"टाकतोयस, की विचार करतोयस?"
"टाकतोय."

ठक्.

ठक्.

"फार वेळ लावला का मी?" विचारलं.
तिला ऐकू आलं नसावं.