धडा

चार लोड सेल, जुन्या बाथरूमच्या काट्यातून उपटलेले,
पावाच्या चुऱ्यात मांडले.
प्रत्येकाला तीन तारा : लाल, काळी, पांढरी.
पांढरीचं काय करायचं
हे कळण्यात एक रविवार गेला.
पडद्यांना राळेचा वास बसला,
डाव्या तर्जनीवर एक चटका.
समोर बाबा सूप पीत होते,
उजवा हात मांडीत ठेवून, डाव्याने.
झटका आल्यापासून ते बोलत नाहीत.
बोहिनच्या खोऱ्यात पन्नास वर्षं ज्यांचा मध गेला
ते लोव्रेन्त्स कोबाल
आता चमच्याकडे बघत बसतात.

फळीखाली सेल, सेलना जोडलेलं नखाएवढं सर्किट,
त्याच्यामागे मायक्रोकंट्रोलर,
आणि मेलेल्या लॅपटॉपमधली एक जिवंत बॅटरी.
साखरेची किलोची पिशवी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.
रिकाम्या फळीचा धडा केला.
शून्य.
मग लिंडेनखालची एकटी पेटी
आम्ही दोघांनी, तीन हातांनी,
तिच्यावर चढवली.
पेटीच्या पाटीवर जुनं चित्र :
जनावरं शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढताहेत,
ससा सगळ्यात पुढे.

जूनमध्ये लिंडेन फुलला.
मी क्रान्यला दातांच्या कवळ्या घासत असायचे
आणि खिशात आलेख चढायचा,
दिवसाला दोन किलो.
संध्याकाळी आकडा सांगितला की
बाबांची एक भुवई हलायची.

फक्त पहाटेची ती उडी.
पाच दहाला चार किलो सहाशे वर,
पाऊण तासाने तितकंच खाली.
रोज.
थंडीने सेल सरकत असतील, म्हणून तापमानाचा सेन्सर लावला.
सोल्डर उकलून पुन्हा केलं.
सर्किट बदललं, कॉफीच्या डब्यात झाकलं.
मांजरीवर संशय घेतला, तिला तोललं :
तीन किलो शंभर.
शेवटी कंटाळून तीन ओळी लिहिल्या :
अचानक वाढलेलं वजन चूक समजावं,
टाकून द्यावं.
आलेख इस्त्री केल्यासारखा झाला.
आठवडाभर मी स्वतःवर खूश.

मग एका रात्री बॅटरी भरायची राहिली.
पाचला कोट चढवून तीच द्यायला बाहेर गेले.

लिंडेनला टेकवलेली काठी.
सपाता दवात भिजलेल्या.
बाबांनी पेटीच्या झाकणावर गाल ठेवला होता,
चांगला कान खाली,
डोळे मिटलेले.
ओठ हलत होते.
थेरपिस्टबाई ज्या ओठांपुढे
चित्रांचे पत्ते धरून थकल्या,
ते हलत होते, न अडखळता.
काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.
मी पुढे गेलेही नाही.
बॅटरी खिशात तशीच घेऊन परतले.
त्या दिवसाचा आलेख कोरा आहे.

माणसाचं डोकं भरतं साधारण एवढंच.
फळीचा धडा करता येतो, पेटीचा येतो.
याचा कशाने करू?
त्या तीन ओळी मी पुसल्या.
डब्यावर रबराने बांधून
दुसरी बॅटरी ठेवली, जादाची.

आज बर्फ.
आता पेटी रोज जेमतेम वीस-तीस ग्रॅम हलकी होते,
आत त्या एकमेकींना चिकटून
उन्हाळा थोडा थोडा खाताहेत.
पण रात्रभर आकडा चढला, दोन किलो, तीन, साडेतीन,
झाकणावर साचत गेलेला.
मी दुलईत, फोन छातीवर.
पाच दहा झाले. काही नाही.
पाच वीस.
पंचवीसला आकडा धाडकन खाली,
झाकण कुणीतरी झाडलं.
हातानेच असणार, झाडू तर घरात आहे.
नंतर रेघ सपाट, बराच वेळ.
मी उठून बसले.

चार किलो सहाशे.

शेगडी पेटवली, पाणी ठेवलं,
त्यांचे कोरडे मोजे
शेजारच्या खुर्चीवर टाकले.