बाहेरच्या पेशी

रात्रीचे सव्वातीन. वॉर्सा, फेब्रुवारी.
मागचं दार ओढलं की आधी रबर कुरकुरतं,
मग थंडी आत येते, मग बोग्ना.
टेबलाशी लुत्सिनाबाई. वीणकाम, थर्मास, सह्यांची वही.
"कोणता वार घालू? रविवार की सोमवार?"
"सोमवार घाला. दिवस भरलेत त्यांचे.
साडेतीन."

चौथ्या मजल्यावर सदतीस अंशांचं कपाट.
तेलाखालच्या थेंबात बारा भ्रूण,
मिठाच्या कणाहून लहान, उंदरांचे.
दोनाच्या चार, चाराच्या आठ होईतो
पेशी सुट्या असतात, गोट्यांसारख्या.
मग कुणी न सांगता बिलगतात एकमेकींना,
इतक्या, की कोण कुठली ते भिंगालाही कळत नाही.
पुढे सगळा जागेचा प्रश्न.
आत सापडली ती आतली.
बाहेर राहिली ती बाहेरची.

आतल्यांवर बोग्नाची चार वर्षं गेली.
अजून काहीच झालेल्या नाहीत
म्हणून काहीही होतील:
काळीज, मिशी, नख,
मांजराची चाहूल लागताच ताठणारा कान.
प्रबंधात त्यांची एकशे बारा पानं.
बाहेरच्यांची एक ओळ, पान एकेचाळीस:
बाह्य स्तर काढून टाकला.

काढायचा म्हणजे औषध घालून थांबायचं.
फुगतात, काळवंडतात,
बारीक काचनळीतून दोनदा वरखाली केलं
की साल सुटावी तशा सुटतात.
उरतो पुंजका. ओला. चमकणारा.

साडेपाचला खाली चहा.
"निघाले का नीट?"
"सात निघाले."
"आणि ते वरचं साल? पोटात असतं तर काय झालं असतं त्याचं?"
"वार झाली असती," बोग्ना म्हणते,
"श्वास, जेवण, बाळाचं सगळं तिच्यातूनच."
"आणि बाळ झाल्यावर?"
बोग्ना कपात बघते.
"माणसं टाकून देतात. उंदरीण खाते."

"उंदरीण शहाणी," लुत्सिनाबाई म्हणतात.
टाके मोजतात. चुकतात. पुन्हा मोजतात.
"बहिणीचा मुलगा माझ्याकडे होता नऊ वर्षं.
आता ओस्लोला. शरदात लग्न झालं त्याचं.
फोटो छान आलेत म्हणे."

बोग्ना घरी जायची ती वर गेली.
पान एकेचाळीस उघडलं.
ओळीत आकडाच नव्हता.
एका भ्रूणाच्या चाळीसेक धरल्या,
चार वर्षांचे भ्रूण नऊशे,
छत्तीस हजार.
लिहिला. खोडला. कुणी विचारलेला नव्हता.
पुन्हा लिहिला, कंसात.

खाली येईतो पहिली ट्राम गेलेली,
टेबलाशी दिवसपाळीचा पोरगा, कानात वायर.
वहीत 'बाहेर'चा रकाना तिने भरायचा राहिला होता.
तिथे निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात,
तिच्या नावापुढे वेळ घातलेली:
सहा वाजून दहा.
अजून सहा वाजून दहा व्हायचे होते.